दम आधी येतो, पोटरी मागून येते

पोलीस किंवा अग्निशमन दलाच्या भरतीची जाहिरात आली, की आठवडाभरात गोव्यातल्या फोंड्याच्या आसपासची मैदाने पहाटे भरून जातात. कुर्टी, बेतोडा, खांडेपार, माशेल, कुठकुठची मुले-मुली येतात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच धाप लागते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धाप बसते, घड्याळ चांगली वेळ दाखवू लागते, हुरूप येतो. आणि नेमके तेव्हाच कडेला नडगी धरून बसलेली मुले दिसू लागतात. मी शारीरिक शिक्षण शिकवते आणि शाळेच्या वेळेआधी धावणाऱ्यांचा एक गट सांभाळते. त्यात भरतीवाली मुले आहेत, गावच्या क्लबात फुटबॉल खेळणारी आहेत, आणि थंडीतली हाफ मॅरेथॉन डोळ्यांपुढे ठेवून धावणारी पन्नाशीतली माणसेही आहेत. या तिघांनाही मी पहिल्या दिवशी एकच सांगते: दम लवकर येतो, पोटरी आणि हाड मागून येतात. दमावर भरवसा ठेवून पुढे पळू नका.

कारण साधे आहे. धावायला लागल्यावर रक्तातल्या द्रवाचे प्रमाण एक-दोन आठवड्यांतच वाढते, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. स्नायूला खरी ताकद यायला दीड-दोन महिने जातात. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, म्हणजे आपण जिला सरसकट शीर म्हणतो ती, घट्ट व्हायला तीन महिने आणि त्याहून जास्त घेते. हाडाचे काम तर आणखी निराळे. ताण पडला की हाडाचा जुना भाग आधी पोखरला जातो, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. ती जागा नव्या हाडाने भरायला पुढे तीन महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात हाड तात्पुरते नाजूक असते. आणि त्याच काळात छाती म्हणत असते, अजून एक फेरी मार.

सगळ्यांत जास्त भार येतो तो पोटरीवर. धावताना पोटरीच्या आतल्या रुंद स्नायूवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठपट ताण येतो. ६० किलोच्या मुलीला हा हिशेब ३६० किलोच्या पुढे जातो, आणि एका किलोमीटरला एकेका पायावर अशी पाचशेच्या वर पावले पडतात. तरीही जिममध्ये जाणारी बहुतेक मुले छाती आणि दंड करून घरी येतात. मला याचे फार वाईट वाटते, कारण नडगीच्या आणि टाचेच्या बऱ्याच दुखण्यांवर घरच्या पायरीवर, एक पैसा खर्च न करता काम करता येते.

आधी पायरीवर बघा

धावण्याचे वेळापत्रक मागायला कोणी आले, तर मी आधी त्याला पायरीवर उभे करते. तुम्हीही करा. अनवाणी व्हा. पडवीच्या पायरीच्या काठावर एका पायाचा चवडा ठेवा, टाच बाहेर मोकळी. दोन बोटे भिंतीला, तोल सांभाळण्यापुरती. गुडघा सरळ. टाच पूर्ण वर, मग पायरीच्या खाली जाईल इतकी सावकाश खाली. एक वर-खाली दोन सेकंदांत. किती होतात ते मोजा, पण मोजण्यापेक्षा बघा जास्त. शक्य असेल तर दुसऱ्याला मागे बसवून बघायला सांगा.

पहिली सात-आठ सगळ्यांची छान होतात. दहाव्या-बाराव्याला टाच आधीच्या उंचीला पोचत नाही, पण करणाऱ्याला ते कळतच नाही. मग गुडघा हळूच वाकायला लागतो, म्हणजे पोटरीचे काम मांडी चोरून करते. त्याच्यापुढे घोटा बाहेर कलतो, भार अंगठ्यावरून करंगळीकडे सरकतो, आणि भिंतीवरची दोन बोटे तळहात होतात. यांतले पहिले काही दिसले, की मोजणी थांबली. तरुण धावणाऱ्याला प्रत्येक पायावर २५ नीट यावीत असा माझा आग्रह असतो. पन्नाशीच्या पुढे वीसच्या आसपास आली तरी मी समाधानी असते. दोन पायांत चार-पाचचा फरक असेल, तर कमी असलेल्या पायाचे आधी बघायचे. रोज दहा किलोमीटर धावणारे, पण बाराव्याला थरथरणारे लोक मी पाहते. त्यांना टाच कधी दुखली होती का विचारले, तर उत्तर बहुतेक वेळा हो असते.

ताकद: आठवड्यातून दोनदा, आणि वजन घेऊन

वजन उचलले की पाय जड होतात, हे आपल्याकडे मैदानावर अजून ऐकू येते. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००८ साली चांगल्या तयारीच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने नेहमीच्या धावण्याबरोबर आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, जेमतेम चार वेळाच उचलता येईल इतक्या वजनाचे अर्धे स्क्वॉट, म्हणजे अर्धे खाली बसून उठणे, केले, चार सेट. त्याच वेगाने धावायला त्यांना सुमारे ५ टक्के कमी ऑक्सिजन लागू लागला, आणि शरीराचे वजन वाढले नाही. पाय जड झाले नाहीत, धावणे स्वस्त झाले. दुखापतींबद्दलही असेच. २०१४ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी २५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, त्यांत २६ हजारांहून जास्त लोक होते, बरेचसे सांघिक खेळांतले. ताकदीच्या व्यायामाने दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली आल्या. नुसत्या ताणण्याच्या व्यायामाने, म्हणजे स्ट्रेचिंगने, फरक पडला नाही. म्हणून धावण्याआधी कुंपणाला पाय लावून दहा मिनिटे ताणत बसण्यापेक्षा पाच मिनिटे भरभर चाला आणि पाच मिनिटे हळू धावा. वाचलेला वेळ वजनाला द्या.

मी चार हालचाली शिकवते, आणि त्यांतली पहिली सोडून बाकीच्यांवर कधीकधी तडजोड करते.

पहिली पोटरी. दोन प्रकारे, गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून, कारण वाकलेल्या गुडघ्याने आतल्या स्नायूला काम पडते आणि धावताना तोच जास्त राबतो. पहिले दोन-तीन आठवडे दोन्ही पायांवर, जमिनीवर, १५ चे तीन सेट. मग पायरीवर एका पायावर १२ चे तीन. ते सोपे वाटू लागले की पाठीवर शाळेचे दप्तर, त्यात तांदळाची पाच किलोची एक पिशवी, मग दोन, मग तीन. वजन वाढले की रेप्स, म्हणजे एका सेटमधली वर-खाली, आठवर आणायचे आणि सेट चार करायचे. तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली. घाई केली तर कंडरेला हवा तो ताण मिळत नाही. वाकलेल्या गुडघ्याचा प्रकार खुर्चीत बसून करता येतो: चवडे एका जाड लाकडी फळीवर, मांडीवर गुडघ्याजवळ वजन, टाच वर-खाली. घराच्या मागे चिरे पडलेले असतील तर एक उचलून वजनकाट्यावर ठेवून बघा, बऱ्यापैकी जड निघतो. मांडीवर घेताना खाली जाड टॉवेल घाला, चिऱ्याची कड लागते.

दुसरी हालचाल स्क्वॉट, आणि घरी करणाऱ्यांसाठी एक पाय पुढे, एक मागे ठेवून खाली बसणे. पुढच्या पायाचा गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे झुकतो का एवढे बघा. झुकत असेल तर वजन कमी करा, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. एकेका पायावर आठ, तीन सेट. शेवटचे दोन रेप्स कठीण गेले पाहिजेत, पण ढब बिघडता कामा नये.

तिसरी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचे वजन उभे राहत उचलणे. शिकवायला ही सगळ्यांत अवघड. मुले कमरेत पाठ गोल करून वाकतात. मी त्यांना विहिरीच्या काठावरची भरलेली कळशी उचलणाऱ्या बाईची आठवण करून देते: पाठ ताठ, कुल्ले मागे, गुडघे किंचित सैल, वजन अंगालगत. दहा दिवस रिकाम्या काठीने सराव करा, काठी डोके, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड या तीन ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. मगच वजन.

चौथी कुशीवर प्लँक. एका कोपरावर आणि पायांवर अंग तोलून धरणे, तीस सेकंद, प्रत्येक बाजूला तीनदा. खुब्याच्या बाहेरचे स्नायू अशक्त असले की दमल्यावर कंबर एका बाजूला पडते आणि गुडघ्याच्या बाहेरून दुखायला लागते. फुटबॉलवाल्यांनी यातच वरचा पाय बाकावर टेकवून जांघेच्या जोरावर अंग उचलायचे. जांघेच्या दुखण्यावर हा कोपनहेगन व्यायाम फार उपयोगी आहे. त्यांनी मांडीच्या मागच्या बाजूसाठी नॉर्डिकही करावा: गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून जमेल तितके सावकाश पुढे पडायचे. संघात हा व्यायाम नेमाने झाला तर मांडीच्या मागच्या दुखापती जवळजवळ निम्म्या होतात. पहिल्या आठवड्यात पाच रेप्सचे दोनच सेट. जास्त केले तर दुसऱ्या दिवशी मांडी भयंकर दुखते, आणि त्या धास्तीने पुढे कोणी करत नाही.

महिन्याभरानंतर दोरीच्या उड्या सुरू करा, एका वेळी तीस-चाळीस, चार-पाच वेळा. पायाच्या हाडांना थोडे पण वारंवार आदळणे मानवते, तासभर सलग आदळणे मानवत नाही.

दिवस कसे लावायचे? वेगाने धावण्याचा दिवस आणि वजनाचा दिवस एकच ठेवा. सकाळी धाव, संध्याकाळी वजन. हलक्या दिवशी वजन घुसवले तर आठवड्यात हलका दिवसच उरत नाही.

धावणे वाढवायचे कसे

अगदी नवा माणूस एक मिनिट धावतो आणि दोन मिनिटे चालतो, असे दहा वेळा, आठवड्यातून तीनदा, मधे एक दिवस सोडून. दर आठवड्याला धावण्याचा तुकडा थोडा लांब, चालण्याचा थोडा लहान. सलग अर्धा तास धावायला दोन महिने लागले तरी लागू द्या. वेग कसा ठरवायचा, तर शेजारच्याला सकाळी काय खाल्ले ते पूर्ण वाक्यात सांगता आले पाहिजे. वाक्य तुटत असेल तर तुम्ही जोरात धावताय. आठवड्यातल्या पाच धावांपैकी चार अशाच असाव्यात. भरतीवाल्या मुलांना हे पटत नाही. परीक्षेत जोरात धावायचे तर रोज जोरात का नको, असे ती विचारतात. रोज जोरात धावणारा मुलगा पाचव्या आठवड्यात जोरात धावत नाही, नुसता दमून धावतो. वेळ तिथेच अडकते. आठवड्यातून एकदा ४०० मीटरचे सहा तुकडे, मधे दोन-तीन मिनिटे चालणे, एवढे त्याला पुरते.

आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे नवख्या धावपटूंवर हा नियम तपासला गेला. नियम पाळणाऱ्या गटात आणि दुसऱ्या गटात, दोन्हींत साधारण पाचांतला एक जण जायबंदी झाला. अलीकडे, २०२५ मध्ये, पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या घड्याळातल्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यातून पुढे आले ते मला मैदानावर दिसते त्याच्याशी जुळते: आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी घातक असते. गेल्या ३० दिवसांत तुम्ही एका दमात जास्तीत जास्त किती धावलात, तो आकडा वहीत लिहा. आजची धाव त्याच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका. आठ किलोमीटर असेल तर आज पावणेनऊपर्यंत. मित्र म्हणाले चला आज पणजीला, मिरामारपासून दोना पावलापर्यंत जाऊन परत येऊ आणि पुन्हा एकदा जाऊ, तर तुमचा आकडा बघून मधेच थांबा आणि बाकावर बसून त्यांची वाट पाहा.

ज्यांचा गुडघा पुढून दुखतो त्यांनी पावले जरा लहान आणि भरभर टाकून बघावीत. एका मिनिटातली पावले मोजा. १६० असतील तर १६८ ते १७० करा, वेग तोच ठेवून. पाय अंगाच्या फार पुढे पडायचा थांबतो आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांनी सवय लावा.

आपली जमीन, आपली हवा

फर्मागुडीचा चढ ताकदीसाठी उत्तम. चढताना पाय कमी आदळतो, नडगी वाचते, आणि दम मात्र पुरेपूर लागतो. पण उतरताना सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर आणि गुडघ्यावर येतो. पहिले सहा आठवडे धावत चढा आणि चालत उतरा. सकाळी सातनंतर तिथे वाहनांची वर्दळ वाढते, त्याआधी आटोपा. आणि रस्त्यावर नेहमी समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने धावा.

किनाऱ्यावर धावायचे तर ओहोटीला. मिरामारला किंवा मोरजीला पाणी मागे गेले, की ओली घट्ट वाळू मिळते. भरतीच्या वेळी उरते ती वरची सुकी भुसभुशीत वाळू; तिच्यात टाच खोल जाते, पोटरी आणि टाचेची शीर जरुरीपेक्षा जास्त ताणली जाते. मऊ वाळू म्हणजे पायांना आराम, ही समजूत टाचेच्या दुखण्यापर्यंत नेते. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने चार किलोमीटर धावलात तर एक पाय सगळा वेळ वरच्या अंगाला राहतो. तितकेच परत या, म्हणजे दोन्ही पायांची वाटणी सारखी होते. अनवाणी धावायची हौस असेल तर पहिल्या दिवशी पाच मिनिटे, बस्स.

पावसाळ्यात लोक मला विचारतात, आता सगळे बंद का? मी पावसाळ्याला ताकदीचा हंगाम मानते. जून ते ऑगस्ट धावणे तीन दिवसांवर आणा आणि वजनाचे दिवस तीन करा, पडवीत सगळे होते. शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर आणि लाल चिखलावर धावू नका. घोटा मुरगळला तर दोन महिने त्याच्यातच जातात. पायाला चीर किंवा जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या तापाचा धोका असतो. पावसात धावून आल्यावर ताप आणि पोटऱ्यांत जबर दुखणे असे दोन्ही आले, तर व्यायामाचे दुखणे समजून अंगावर काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

चवथीत सगळ्यांचे धावणे थांबते, आणि थांबावेच. घर माणसांनी भरलेले असते, करंज्या-नेवऱ्या समोर असतात. आठवडाभराच्या सुट्टीने काही बिघडत नाही. परत आल्यावर पहिली धाव नेहमीच्या पाऊणपट ठेवा. दोन आठवडे गेले असतील तर अर्ध्यावर या. महिना गेला असेल तर पुन्हा धाव-चाल, कितीही दम असला तरी.

त्यानंतरचा ऑक्टोबर मला सगळ्यांत अवघड वाटतो. पाऊस ओसरतो, ऊन चढते आणि हवेत दमटपणा तसाच. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. शरीराला उष्म्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस वेग विसरा. धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. ६० किलोच्या माणसाचे सव्वा किलोहून जास्त घटले तर पाणी कमी पडले. वजन वाढले तर गरजेपेक्षा जास्त प्यालात, तेही घातकच. तासाच्या पुढच्या धावेत मीठ-साखर घातलेले कोकम सरबत मला बाटलीबंद पेयांपेक्षा बरे वाटते. उन्हात धावताना कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर सावलीत आडवा करा, अंगावर थंड पाणी ओतत राहा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावा आणि १०८ ला फोन लावा. रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणे थांबवू नका.

कोणते दुखणे चालेल, कोणते नाही

दुखणे शून्य ते दहात मोजा. धावताना तीनपर्यंत असेल, धावता धावता वाढत नसेल आणि दुसऱ्या सकाळी पहिले पाऊल टाकताना कालच्यापेक्षा जास्त नसेल, तर चालू ठेवा. सकाळी जास्त असेल तर कालचे जास्त झाले. पुढची धाव कमी करा. टाचेच्या शिरेच्या जुन्या दुखण्यात व्यायाम करताना पाचपर्यंत दुखले तरी चालते, अट तीच, सकाळपर्यंत निवले पाहिजे. या दुखण्यावर नुसती विश्रांती कामाची नाही. स्वीडनमधला १९९८ चा आल्फ्रेडसन यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे: पायरीवर सावकाश टाच खाली नेणे, गुडघा सरळ आणि वाकवून, प्रत्येकी १५ चे तीन सेट, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. शस्त्रक्रियेच्या रांगेत असलेले लोक परत धावू लागले. आता आठवड्यातून तीनदा जास्त वजनाने केले तरी चालते असे दिसते, पण बारा आठवडे मात्र द्यावेच लागतात.

नडगीचे दुखणे वेगळे आणि त्याची मला काळजी वाटते. माशेलकडची एक मुलगी, भरतीची तयारी करणारी, मैदानावर येऊन म्हणाली, "मॅडम, नडगी भरून येते, पण धावले की जरा सुटते." मी तिला खाली बसवले आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून, घोट्याकडून वर, अंगठ्याने बोटभर-बोटभर अंतरावर दाबत गेले. अशा तपासणीत वीतभर पट्ट्यात सगळीकडे थोडे थोडे दुखले तर ते ताणाचे दुखणे. धावणे निम्म्यावर आणून आणि पोटरी मजबूत करून बहुधा आटोक्यात येते. तिचे तसे नव्हते. खालून चार बोटे काही नाही, मग रुपयाच्या नाण्याएवढ्या एका जागी दाबल्यावर तिने माझा हात धरला. त्याच्या वर पुन्हा काही नाही. मी विचारले, रात्री अंथरुणात दुखते का? म्हणाली, हो. मग विचारले, "अगं, पाळी वेळेवर येते ना?" ती जरा थांबली. तीन-चार महिने आली नव्हती. वजन कमी दिसावे म्हणून रात्रीचे जेवण सोडले होते, सकाळी नुसती पेज पिऊन यायची.

या तीन खुणा, एकाच जागी टोचणारे दुखणे, रात्रीचे दुखणे आणि थांबलेली पाळी, एकत्र दिसल्या की धावणे त्याच क्षणी बंद. हाडाला बारीक चीर पडत असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ती बहुतेकदा दिसत नाही. म्हणून एक्स-रे साफ आला तरी दुखणे खोटे ठरत नाही, डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. आणि जांघेत खोलवर दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर एक दिवसही थांबू नका. खुब्याच्या हाडाच्या मानेला चीर असेल आणि ती सरकली, तर शस्त्रक्रियेपर्यंत जाते. कुबडीवर किंवा गाडीत बसून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, चालत नाही.

मुलींनो, पाळी थांबणे हे जोरात तयारी चालल्याचे लक्षण नाही. शरीराला खर्चाएवढे अन्न मिळत नाही, म्हणून ते हाडांवरचा खर्च कापते. आईला सांगा, मला सांगा, डॉक्टरांना सांगा, लाजू नका. मुलग्यांतही कमी खाण्याने हाडे झिजतात, त्यांना ही खूण मिळत नाही एवढेच. रोज शरीराच्या दर किलोला १.४ ते १.६ ग्रॅम प्रथिने हवीत. पेजेबरोबर सुका बांगडा किंवा दोन अंडी घ्या. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, असाल तर मुगागाठी (मोडाच्या मुगांची भाजी) आणि दही. उपासाच्या दिवशी लांब धाव ठेवू नका, ती दुसऱ्या दिवशी ढकला. आणि झोप आठ तास. कमी झोपणाऱ्या शाळकरी खेळाडूंना जास्त दुखापती होतात, हे अभ्यासांतून दिसले आहे आणि मी वर्गातही बघते.

चीर भरल्यावर परत यायचे ते असे. आधी अर्धा तास भरभर चालून काहीच दुखता कामा नये, सलग आठवडाभर. मग दोन्ही पायांवर दहा उड्या, मग एका पायावर दहा. मग पुन्हा पहिल्या दिवसासारखे एक मिनिट धाव, दोन मिनिटे चाल. ती मुलगी ती भरती चुकली. पुढच्या जाहिरातीच्या वेळी ती पायरीवर २५ करून मैदानात उतरली.

भरतीची किंवा शर्यतीची तारीख जवळ आली, की शेवटचे जड वजन आठ ते दहा दिवस आधी उचला. त्यानंतर वजनाचे एक हलके सत्र पुरे. धावणे निम्म्यावर आणा, पण वेगाचे दोन-चार छोटे तुकडे राहू द्या, पाय सुस्त पडत नाहीत. नवे बूट त्या दिवशी काढू नका. किमान तीन आठवडे आधी घालून त्यांत धावलेले असावे. पायाची नखे दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नाही.